मागच्या तारेवरची वर्दी

१० नोव्हेंबर, सोमवार

माणूस श्वास घ्यायला विसरू शकतो का?

मला उत्तर येत नाही. आणि मी सातवीला विज्ञान शिकवते.

दुसऱ्या तासाला हजेरी घेत होते. एकवीस नंबरपर्यंत आले. पुढचं नाव समोर दिसत होतं पण तोंडातून निघेना. छातीवर कुणी पाट ठेवून बसलंय असं वाटलं. हातांना मुंग्या, ओठ बधिर. आता मी मरणार — इथेच, त्रेचाळीस पोरांसमोर. रजिस्टर टेबलावर टाकलं आणि वर्गाबाहेर पळाले. मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, क्या हुआ?" बाथरूममध्ये नळ सोडला आणि फरशीवर बसले. पंधरा मिनिटं असतील. मग ते उतरलं. आलं तसंच, न सांगता.

शेजारच्या वर्गाच्या पिंकी मॅडम म्हणाल्या, "नाश्ता नहीं किया होगा."

केला होता. दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी.

११ नोव्हेंबर

आज काही झालं नाही. दिवसभर ते होण्याची वाट पाहिली. संध्याकाळी पाय असे दुखत होते, जसं काही तात्यापाऱ्याच्या हिंदी शाळेतून शहराच्या टोकाला खमतराईच्या घरापर्यंत चालत आले आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज रात्री घरीच झालं. वर्ग नाही, हजेरी नाही, कुणी काही बोललेलं नाही. मी जेवायला ताटं वाढत होते आणि ते आलं.

आई पाणी शिंपडायला लागली. आजी म्हणाली, "नजर लागली पोट्टीले. मीठ-मिरची आना." माझा भाऊ यशदीप हसला — "दादी, अपन लोग नजर-वजर नहीं मानते ना?" आजी म्हणाली, "मी कुठं मानते? मीठ मानते. तू आन लवकर."

बाबा ताटावरून उठले नाहीत. तिथूनच, हळू आवाजात बोलत राहिले. "आता हात मुंग्यावतीन. घाबरू नोको. मंग थंडी वाजंन. मंग उतरते. दहा-पंदरा मिंट." अगदी तसंच झालं, त्याच क्रमानं.

नंतर हात धुऊन ते मागच्या दारात जाऊन उभे राहिले. माझ्याजवळ आले नाहीत. बाबा जवळ येत नाहीतच. त्याची सवय आहे आम्हाला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आईसोबत दवाखान्यात गेले. ईसीजी काढला. डॉक्टर कागद बघून म्हणाले, "कुछ नहीं है बेटा. टेंशन मत लो." आईनं तिथेच पदरानं डोळे पुसले. बाहेर येऊन तिनं मला केळी घेऊन दिली, लहान असताना देत होती तशी.

मला मात्र रडू आलं नाही. काहीच नसेल तर मग मी खोटं करते का? हे कुणी सांगेल का मला?

ईसीजी काढणारी मुलगी माझ्याच वयाची, सोनिया नाव. वायरी काढताना कानाशी म्हणाली, "दीदी, मेरे को भी होता था. दो साल हुआ. ये दिल का नहीं है." कागदाच्या एका तुकड्यावर समता कॉलोनीतल्या एका डॉक्टरचं नाव लिहून दिलं. "मन का डॉक्टर है. बुरा मत मानना."

तो कागद मी या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत सरकवला आहे. जाणार नाही.

का नाही, तेही लिहून ठेवते. आमच्या अख्ख्या वस्तीत कॉलेज पूर्ण केलेली पहिली मुलगी मी. बाबांनी माझी पदवी फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावली आहे. पाहुणा आला की आधी तिथे नेतात, मग चहा. विहाराच्या मागच्या खोलीत मी रोज संध्याकाळी सहा मुलींची अभ्यासिका घेते. त्यातली माया बारावीला आहे. तिच्या वडिलांनी तिला साफ सांगितलं आहे — "दीपमालाचं काय होते ते पाहू. मंग तुह्या कॉलेजचं बोलू."

दीपमालाचं हे होते आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शाळेच्या फाटकापर्यंत गेले. घंटा वाजली. मुलं आत जात होती. माझे पाय गेले नाहीत.

मोतीबागेत जाऊन बाकावर बसले. साडेबारा वाजता डबा खाल्ला. चार वाजता घरी आले. आई म्हणाली, "कशी होती शाळा?" मी म्हणाले, "चांगली."

१८ नोव्हेंबर

मोतीबाग.

१९ नोव्हेंबर

मोतीबाग. बागेतला माळी आता नमस्कार करतो. त्याला वाटतं मी नोकरीच्या परीक्षेची तयारी करते. आज त्यानं माझ्या बाकावरची पानं आधीच झाडून ठेवली होती. फार लाज वाटली.

२० नोव्हेंबर

नोकरी घेतली तेव्हा पिंकी मॅडम म्हणाल्या होत्या, "इतने में क्यों कर रही हो? बैंक की तैयारी करो." मी म्हणाले होते, मला शिकवायचंच आहे. आमच्या शाळेत प्रश्न विचारला की छडी मिळायची. माझ्या वर्गात प्रश्न विचारला की पूर्ण वर्ग टाळ्या वाजवेल. खरंच असा नियम केला होता. जुलैपासून चालू होता.

आता त्या वर्गात कुणाला पाठवत असतील? टाळ्या वाजवतात का?

मी कुणाला काय शिकवणार. मला एकवीसच्या पुढे मोजता येत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अभ्यासिकेत गेले. आज मुलींना म्हणाले, ज्याचं त्यानं वाचा. खाली मान घालून बसले. दाराकडे किती पावलं आहेत ते मोजत होते — नऊ.

माया शेजारी येऊन बसली. म्हणाली, "दीदी, मैंने आपको परसों मोतीबाग में देखा. ग्यारह बजे."   आणि तिची पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

तिला सगळं माहीत आहे. आणि तिचं कॉलेज माझ्यावर अडकलं आहे. मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

कधी कधी वाटतं, मी नसतेच तर बरं झालं असतं — मायासमोर निदान नापास झालेला नमुना तरी नसता. हे मी लिहिलं. खोडणार नाही. कुठे तरी खरं लिहायला हवं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शाळेतून बाबांना फोन गेला. फॉर्मवर घरचा नंबर म्हणून त्यांचा दिला होता. "मैडम एक हफ्ते से नहीं आ रही हैं, तबीयत कैसी है?"

बाबा घरी आले. नेहमीसारखं मागच्या दारानं. अंगणात अंघोळ केली, कामावरची वर्दी धुऊन मागच्या तारेवर टाकली, मग आत आले. जेवले. मी वाट पाहत होते — आता बोलतील, आता. जेवण झाल्यावर एवढंच विचारलं, "कुठं बसतं दिवसभर?"

"मोतीबागेत."

"उन्हात नोको बसू."

बस. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे झालं ते सगळं नीट लिहिते.

बाबा सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न प्लांटमध्ये, म्हणजे लोखंडाच्या कारखान्यात आहेत. आधी भट्टीवर होते, आता कित्येक वर्षं गेटवर, ट्रकांच्या वजनकाट्याला. त्यांचा मित्र हिरालाल सेफ्टी स्टोअर सांभाळतो. त्याच्याकडून बाबा आज एक मशीन मागून घेऊन आले. पिवळी, साबणाच्या वडीएवढी, खिशाला अडकवायची. भट्टीच्या विषारी गॅसला रंग नाही, वास नाही. तो वाढला की ही मशीन ओरडते.

आधी स्वयंपाकघरात फिरले. मग माझ्या गादीपाशी. मग पुस्तकांचा रॅक, मग ती खिडकी जिथून काळी धूळ येते. प्रत्येक ठिकाणी थांबून चष्मा वर करून बघायचे. शून्य. शून्य. यशदीप म्हणाला, "पापा, घर में कौन-सी भट्टी है?" त्यांनी ऐकलंच नाही.

शेवटी मागच्या अंगणात गेले. तारेवर वर्दी होती. तिच्या कॉलरला मशीन लावली, खिशाला लावली, पँटच्या मोहरीला लावली. शून्यच. मग ते खाली, धुण्याच्या दगडावर बसले.

"मशीन तं बरोबर हाये," म्हणाले. "हिरालालनं सकाळीच तपासली."

मी म्हणाले, "बाबा, काय शोधून राहिले तुमी?"

 आतून आजीचा खोकला ऐकू येत होता.

"मले वाटलं," बाबा म्हणाले, "माह्या कपड्याइतून तुले लागला."

मग थांबत थांबत सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी भट्टीची मोठी पाइप साफ करायला त्यांच्यासोबत काम करणारे नरहरी काका आत उतरले आणि बाहेर आले नाहीत. बाबा त्यांना ओढायला गेले. बाबांना दोन तासांनी शुद्ध आली. नरहरी काकांना नाही आली. हे मला माहीत होतं, घरात सगळ्यांना माहीत आहे. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

पुढचं असं — महिन्याभरानं बाबा सुट्टीच्या दिवशी घरी बसले होते आणि छाती आवळली. हात मुंग्यावले. थंडी वाजली. उतरलं. मग परत. मग बसमध्ये. मग भट्टीजवळ गेलं की रोजच. म्हणून त्यांनी गेटवर काम मागून घेतलं, पगार कमी झाला तरी. आम्हाला सांगितलं, वय झालं.

"तो गॅस आंगात राहून गेला माह्या," म्हणाले. "निघतच नाही. म्हणून वर्दी घरात आनत नाही मी. तुमाले लागू नये."

मी सातवीला विज्ञान शिकवते. मी म्हणाले, "बाबा, तो गॅस काही तासांत शरीरातून निघून जाते. अकरा वर्षं राहत नाही. कपड्याइतून तं लागतच नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग हे काय हाये?"



२६ नोव्हेंबर

मी तेव्हा बारा वर्षांची होते.

त्याआधी बाबा आले की मी धावत जाऊन त्यांचा डबा ओढून घ्यायची. त्यात कधी बोरं असायची, कधी चिंच. सायकलच्या दांडीवर बसवून ते मला विहारात न्यायचे. मग एक दिवस म्हणाले, "दूर. हात लावू नोको." मी मागे सरले. परत कधी गेले नाही. वाटलं, मी मोठी झाले. मुलगी मोठी झाली की बाप असाच लांब होतो — आईही तेच म्हणाली.

अकरा वर्षं मला वाटत होतं, माझ्यात काही तरी आहे म्हणून ते जवळ येत नाहीत.

अकरा वर्षं त्यांना वाटत होतं, त्यांच्यात आहे.

२७ नोव्हेंबर

दोनदा. सकाळी आणि दुपारी. आता मोतीबागेतही येतं. तीही जागा गेली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पुठ्ठ्यातला कागद काढला आणि समता कॉलोनीत गेले. एकटी. ओढणीनं तोंड बांधून, ऊन नसताना.

डॉक्टर बाई आहेत, पन्नाशीच्या. माझं सगळं ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही. मग म्हणाल्या, याला पॅनिक अटॅक म्हणतात. हा खोटेपणा नाही आणि वेडही नाही. यात माणूस मरत नाही, मरतोय असं वाटतं. धोका नसताना शरीर धोक्यासारखं वागतं. एक गोळी दिली. श्वास हळू सोडायचा — आत घ्यायच्या दुप्पट वेळ. आणि ज्या जागेला घाबरतो तिथे थोडं थोडं परत जायचं. पळत राहिलं तर जागा कमी कमी होत जातात. मला मोतीबाग आठवली. मग वजनकाटा आठवला.

मी विचारलं, "कितने दिन में ठीक होगा?" म्हणाल्या, "समय लगेगा. झूठ नहीं बोलूँगी."

त्यांनी एक छापील कागद दिला. काय काय होतं, त्यावर खुणा करायच्या. मी प्रत्येक ओळीवर मनात दोन खुणा केल्या.

नाव कळलं. बरं काही वाटत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

बाबांना सांगितलं. तो कागद वाचून दाखवला, एकेक ओळ. ते ऐकत होते, मान हलवत होते — हाव, हाव. शेवटी डॉक्टर मनाची आहे ते सांगितलं आणि मान थांबली.

"मी काय येडा हाओ?"

"मी पन गेली ना बाबा. मी येडी हाओ का?"

"तुही गोष्ट वेगळी. तू शिकलेली हायेस." मग आवाज खाली आणून, "प्लांटमदे समजलं तं गेटवरूनही काढतीन. म्हनतीन, मानूस अनफिट हाये. यशदीपचं शिक्षन बाकी हाये अजून."

आणि उठून गेले. अकरा वर्षं ज्यानं कुणाला कळू दिलं नाही, त्याला मी एका कागदावरून काय सांगणार!

३ डिसेंबर, बुधवार

पिंकी मॅडमचा फोन. सोमवारपर्यंत कारण लिहून द्या, मेडिकल लावा, नाहीतर नाव काढतील. त्यांनी मार्गही सांगितला — "टाइफॉइड लिख दो. सब यही लिखते हैं. मेरे पहचान के डॉक्टर हैं, बना देंगे. ये दिमाग वाला पर्चा भूल के भी मत लगाना, कोई बच्चे नहीं सौंपेगा तुमको."

त्या माझ्या भल्याचंच बोलत होत्या. हिशेब एकच येतो: लिहिलं तर नोकरी जाते. नाही लिहिलं तर राहते.

टायफॉइडच लिहीन.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत. मेणबत्त्या. दरवर्षी शिकलेल्या मुलांपैकी एक जण दोन शब्द बोलतो. यंदा माझं नाव होतं, दिवाळीच्याही आधी ठरलं होतं. नाव पुकारलं. मी उठले. माइकपर्यंत गेले. समोर माया, तिचे वडील, आजी, आई, दारात बाबा.

आलं. तिथेच. मी माइक धरून उभी राहिले. श्वास सोडत राहिले, दुप्पट, दुप्पट. शब्द एकही निघाला नाही. मग खाली येऊन बसले. पळाले नाही — एवढंच.

मागून मायाच्या वडिलांचा आवाज, हळू पण ऐकू येईल असा. "जास्त शिकलं का असंच होते. डोक्यावर चढते."

 मी बाबांकडे पाहिलं. ते दाराची चौकट धरून उभे होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. दोन्ही हातांची बोटं ते उघडत होते, मिटत होते. मला तेव्हा कळलं — त्यांनाही आलं होतं. त्याच वेळी. आणि कुणाचंच लक्ष नव्हतं. अकरा वर्षं कुणाचंच लक्ष नव्हतं.

मी वही उघडून बसले आहे आणि आज पहिल्यांदा मला माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी भीती वाटते आहे. मी निदान पळू शकले, बसू शकले. सगळ्यांनी पाहिलं, पाणी आणलं, मीठ ओवाळलं. ते एकटे उभे राहिले.

७ डिसेंबर, रविवार

दुपारी बाबा सायकलला तेल देत होते. मी जवळ बसले. एक हात अंतर ठेवून — सवय.

"बाबा, समजा गॅस नाही आणि मशीन ओरडली. मंग काय करता?"

"पयले बाहेर पळतो. गॅस हाये का नाही, ते मंग पायतो."

"आन नसन गॅस तं?"

"तं मशीनचं कॅलिब्रेशन गेलं. तपासाले पाठवतो."

"फेकत नाही?"

"फेकते कोनी? महाग वस्तू हाये." साखळीवर तेलाचा थेंब सोडून म्हणाले, "शून्यावर आनून देतात परत. चार-आठ दिवस लागते."

"मशीन येडी झाली, असं म्हनता का तिले?"

त्यांनी तेलाची बुधली खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. साखळी फिरवत राहिले. बरीच फिरवली.

हो म्हणाले नाहीत.

८ डिसेंबर, सोमवार

टायफॉइड लिहिलं नाही.

समता कॉलोनीची चिठ्ठी लावली आणि खरं कारण लिहिलं, तीन ओळींत. प्राचार्यांनी वाचलं, परत वाचलं, चष्मा काढला. "देखते हैं. मैनेजमेंट से पूछना पड़ेगा." म्हणजे नोकरी जाणारच. दारातून पिंकी मॅडम बघत होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

मला हलकं वगैरे काही वाटलं नाही.  पण मी टायफॉइड लिहिला असता तर बाबांना कोणत्या तोंडानं सांगणार होते?

येताना सातवीच्या वर्गावरून गेले. दार लावलेलं होतं. आत कुणीतरी प्रश्न विचारला असेल. टाळ्या वाजल्या — थोड्या, दबलेल्या, नवीन मॅडमना चुकवून वाजवल्यासारख्या.

घरी येऊन अर्जाची दुसरी प्रत बाबांच्या डब्यात ठेवली, पोळ्यांच्या वर. रात्रपाळी आहे त्यांची.

९ डिसेंबर

सकाळी नऊ वाजता समता कॉलोनीत दोन चिठ्ठ्या काढल्या. दीपमाला गजभिये, तेवीस. मारोती गजभिये, त्रेपन्न. त्यांची आधी लावली. मग फोन करून सांगितलं, बाबा, नंबर लागला आहे. "डब्यातला अर्ज वाचला मी," म्हणाले, "येतो."

ते सिलतऱ्याहून सरळ आले. दवाखान्याच्या पायरीवर वर्दीचा शर्ट काढला, पिशवीतला धुतलेला घातला. वर्दी टांगायला जागा शोधत इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

आत गेले आहेत, वीस मिनिटं झाली. वर्दी माझ्या मांडीवर आहे.